आधी टोपण, मग बरणी

आमच्या घरातून सकाळी साडेसहा ते साडेसात या तासाभरात तीन माणसे बाहेर पडतात. पती कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगाव या गावच्या औद्योगिक वसाहतीत पहिल्या पाळीला असतात, मुलगी अकरावीच्या शिकवणीला जाते आणि मी एका महाविद्यालयात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत साहाय्यक असल्यामुळे प्रात्यक्षिकांची मांडणी करायला मलाही केएमटीची, म्हणजे शहर वाहतुकीची, सकाळची बस गाठावी लागते. दुपारचे डबे भरण्याच्या गडबडीत न्याहारी मागे पडायची आणि तिघेही नुसत्या चहावर निघायचो. गेल्या जूनमध्ये आम्ही ठरवले की, आदल्या रात्री ओट्स दुधादह्यात भिजवून फ्रिजमध्ये ठेवायचे आणि सकाळी तसेच गार खायचे, किंवा वेळ नसेल तर सोबत न्यायचे. सासूबाईंना ही कल्पना समजावून सांगावी लागली नाही. "म्हंजे दहीपोह्यागतच की गं," एवढेच त्या म्हणाल्या, आणि ते खरेच आहे. धान्य चपटे करायचे, भिजवायचे आणि चुलीवर न चढवता खायचे, ही रीत आपल्याला नवी नाही. ओट्सच्या बाबतीत ती १९०० च्या सुमारास झुरिचमधल्या मॅक्सिमिलियन बिर्शर-बेनर या डॉक्टरांनी आपल्या रुग्णांसाठी रूढ केली. त्यांच्या वाटीत भिजवलेल्या ओट्सबरोबर किसलेले सफरचंद आणि लिंबाचा रस असे.

पदार्थ जमायला दोन दिवस पुरले. तो कशात ठेवायचा हे जमायला मात्र दिवाळी उजाडली. या पाच महिन्यांत मी जे मोजले, जे बिघडवले आणि जे शेवटी विकत घेतले, ते सविस्तर लिहून ठेवावे असे वाटले, कारण बरणी घेताना मला जे आधी पाहायला हवे होते ते मी सगळ्यात शेवटी पाहिले.

सुरुवातीला घरातले स्टीलचे डबे वापरले. स्टीलला वास लागत नाही आणि ते फुटतही नाही, परंतु आमच्या डब्यांची झाकणे नुसती दाबून बसवायची होती, आणि पातळ दूध त्यांच्या कडेने पिशवीत झिरपत असे. प्लास्टिकच्या डब्यांना हळदीचा पिवळेपणा आणि आमटीचा वास कायमचा चिकटलेला होता. म्हणून काचेकडे वळले. काचेतून आतले दिसते, ही गोष्ट वाटते त्यापेक्षा उपयोगाची आहे. ओट्स तळाशी बसून वर दूध सुटले आहे का, सब्जाच्या गाठी झाल्या आहेत का, दोन दिवसांपूर्वीची बरणी मागे राहून गेली आहे का, हे फ्रिजचे दार उघडताच कळते. घरात तीन रिकाम्या काचेच्या बरण्या होत्या: एक काकवीची, एक लिंबाच्या लोणच्याची आणि एक कांदा-लसूण चटणीची. या तिन्ही बरण्यांनी मला एकेक गोष्ट शिकवली.

काकवीची बरणी गुऱ्हाळावरून आणलेली होती आणि तिच्यावर ५०० ग्रॅम असे लिहिले होते. मी मनाशी ते अर्धा लिटर असे धरले आणि त्या मापाने ओट्स, दूध, दही आणि फळ घातले, तर सगळे बरणीच्या काठाला आले आणि टोपण लावताना बाहेर सांडले. हा हिशेब खरे तर मला लगेच कळायला हवा होता. काकवी काय किंवा मध काय, पाण्यापेक्षा सुमारे १.४ पट जड असतो, त्यामुळे त्यांचे ५०० ग्रॅम साधारण ३५० मिलिलिटर जागेतच मावतात. ती बरणी वजनकाट्यावर ठेवून, काट्यावर शून्य करून, काठोकाठ पाणी भरले तेव्हा काट्याने ३५५ ग्रॅम दाखवले. पाण्याचा एक ग्रॅम म्हणजे एक मिलिलिटर, म्हणून बरणीची खरी धारणाही तेवढीच. जॅमच्या, मधाच्या आणि लोणच्याच्या बरण्यांवरचे आकडे आतल्या मालाच्या वजनाचे असतात आणि ते बरणीत मावणाऱ्या जागेविषयी काही सांगत नाहीत. घरातल्या जुन्या बरण्या याच कामासाठी काढणाऱ्या प्रत्येकाने आधी त्या अशा पाण्याने मोजून घ्याव्यात.

चटणीच्या बरणीची गोष्ट वासाची होती. आमच्याकडे उन्हाळ्यात वर्षाची चटणी होते आणि रोजच्या वापरापुरती एका काचेच्या बरणीत काढून ठेवलेली असते. ती बरणी मी सोड्याच्या गरम पाण्याने तीनदा धुतली, एक दिवस उन्हात ठेवली, तरी तिच्यातल्या ओट्सना लसणाचा स्पष्ट वास आला आणि मुलीने दोन चमच्यांनंतर बरणी बाजूला ठेवली. वास काचेत राहतो की काय, अशी शंका मला आली. ती तपासण्यासाठी मी काकवीच्या आणि चटणीच्या बरण्यांची टोपणे अदलाबदल करून दोन्ही बरण्यांमध्ये नुसते दूध घालून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवले. दोन्हींची तोंडे सारखीच असल्यामुळे हे शक्य झाले. सकाळी चटणीच्या बरणीतले दूध निर्मळ होते आणि काकवीच्या बरणीतल्या दुधाला लसणाचा वास होता. वास टोपणाबरोबर गेला होता. पत्र्याच्या टोपणाच्या आतल्या कडेला जो मऊ, पांढरट थर असतो तो पीव्हीसीचा असतो, त्याला प्लास्टिसॉल म्हणतात, आणि तेलाबरोबर आलेले वास तो शोषून धरतो. काच तसे करीत नाही. म्हणजे जुनी बरणी फेकण्याची गरज नसते, तिचे टोपण तेवढे नवे हवे. हे कळले तेव्हा मला समाधान वाटले. तरीही टोपण हीच या सगळ्या निवडीतली मुख्य गोष्ट आहे, हे त्या दिवशी माझ्या लक्षात आले नाही.

लोणच्याची बरणी फुटली. ऑगस्टमधल्या एका पावसाळी सकाळी मुलीला गार खावेसे वाटत नव्हते, म्हणून फ्रिजमधून नुकत्याच काढलेल्या बरणीत मी गॅसवरून उतरवलेले दूध ओतले. तळाशी टिचकन आवाज झाला आणि बुडालगत गोल तडा जाऊन वरचा भाग हातात आला. कोणाला इजा झाली नाही, पण ज्या प्रयोगशाळेत मी रोज विद्यार्थ्यांना तापलेले काचपात्र ओल्या फरशीवर ठेवू नका म्हणून सांगते, तेच नियम घरात माझ्याकडून पाळले गेले नाहीत, याचे फार वाईट वाटले. बाटल्या-बरण्यांची साधी काच सोडा, चुना आणि वाळू यांची असते. एक अंश तापमान वाढले की ती दहा लाखांत सुमारे नऊ भागांनी प्रसरण पावते. ऐकायला हे अगदी थोडे वाटते, परंतु आतली बाजू तापून फुगू पाहते आणि बाहेरची गारच असते, तेव्हा दोघींच्या ओढाताणीत काच तडकते. जाड बुडाच्या बरण्या यामुळे जास्त फुटतात, कारण जाडीतून उष्णता पलीकडे पोहोचायला वेळ लागतो. "जाड काच म्हणजे मजबूत काच" हे टक्क्याटोणप्यांच्या बाबतीत खरे असले, तरी तापमानाच्या बाबतीत खोटे आहे. साध्या बरणीला एकदम बसणारा साधारण ४० अंशांचा फरक झेपतो असे धरून चालतात. फ्रिजमधली बरणी ५ अंशांची आणि दूध ८०-९० अंशांचे, म्हणजे तिच्या सोसण्याच्या दुप्पट भार मी तिच्यावर टाकला होता.

सासूबाईंनी काचा गोळा करताना त्यांच्या माहेरच्या कंदिलाची आठवण सांगितली. कराडजवळच्या ओगलेवाडीच्या कारखान्याचा प्रभाकर कंदील त्यांच्या घरी होता, आणि पावसात तो घेऊन गोठ्यात जायचे झाल्यास काचेवर पाण्याचा थेंब पडू नये म्हणून वर इरले धरावे लागे, नाहीतर तापलेली काच तडकत असे. मला ही आठवण फार मोलाची वाटली, कारण उष्णता सोसणाऱ्या काचेचा एक धागा याच अडचणीशी जुळतो. जर्मनीत येना येथे ओटो शॉट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी वाळूत बोरॉनचे संयुग मिसळून बोरोसिलिकेट काच घडवली. पुढे अमेरिकेत कॉर्निंग या कंपनीने रेल्वेच्या कंदिलांच्या काचा पावसाने आणि थंडीने तडकू नयेत म्हणून कमी प्रसरणाची काच तयार केली, आणि त्याच वाटेने जाऊन १९१५ साली तिची पायरेक्स ही स्वयंपाकाची भांडी बाजारात आली. बोरोसिलिकेटचे प्रसरण साध्या काचेच्या जवळजवळ एक-तृतीयांश असते. आमच्या प्रयोगशाळेतले बीकर थेट ज्वाळेवरच्या जाळीवर ठेवता येतात ते यामुळेच.

साहजिकच पहिला विचार आला की बरण्याही बोरोसिलिकेटच्याच घ्याव्यात. राजारामपुरीतल्या एका दुकानात तसे डबे पाहिले. चारी बाजूंनी खटके असलेले प्लास्टिकचे झाकण, त्याच्या खाचेत सिलिकॉनची कडी, आणि काच पातळ व स्वच्छ. वस्तू उत्तम होती. पण सहा डब्यांची किंमत साध्या बरण्यांच्या कितीतरी पट होत होती, आकार पसरट असल्याने फ्रिजमध्ये जागा जास्त लागत होती, आणि मुख्य म्हणजे ज्या गुणासाठी जादा पैसे द्यायचे तो गुण आम्हाला लागणार नव्हता. ओट्स गारच भिजतात आणि गारच खाल्ले जातात. गरम हवे असतील तर सकाळी पातेल्यात काढून कोमट करावेत, एवढा नियम घरात पाळला की साधी काच पुरते. ज्यांना बरणी तशीच मायक्रोवेव्हमध्ये ठेवायची सवय आहे, त्यांनी मात्र बोरोसिलिकेट घ्यावी, आणि पत्र्याचे टोपण तर कोणत्याच बरणीबरोबर आत जाऊ देऊ नये. माझा कौल साध्या काचेला पडला आणि तो आजही बदललेला नाही.

मग आकार ठरवायचा राहिला. त्यासाठी मी बाजारात न जाता स्वयंपाकघरातच बसले. मोठ्या माणसाच्या एका वेळेला ४० ग्रॅम ओट्स, १५० मिलिलिटर दूध, दोन मोठे चमचे दही, एक लहान चमचा सब्जा, चमचाभर काकवी आणि अर्ध्या वाटीहून थोडे कमी चिरलेले फळ, असे आमचे प्रमाण स्थिरावले आहे. दूध उकळून पूर्ण गार केलेलेच घेते. गंगावेशीच्या कट्ट्यावरचे धारोष्ण दूध आपल्या कोल्हापूरचे भूषण असले, तरी न उकळलेले दूध दोन दिवस बरणीत ठेवणे बरोबर नाही. म्हशीचे दूध असेल तर सकाळपर्यंत मिश्रण चांगलेच घट्ट होते आणि १५० ऐवजी १८० मिलिलिटर लागते. पिशवीचे टोन्ड दूध असेल तर १५० पुरते. हे सगळे मापाच्या भांड्यात भिजवून पाहिले तेव्हा सुमारे ३०० मिलिलिटर भरले. ढवळायला वर दोन बोटे रिकामी जागा लागतेच, कारण बरणीतच ढवळायचे असते आणि सकाळी वरून केळे किंवा डाळिंबाचे दाणे घालायचे असतात. केळे रात्री घातले तर काळे पडते. अशा रीतीने मोठ्यांसाठी ४०० मिलिलिटरची आणि मुलीच्या ३० ग्रॅम ओट्ससाठी ३०० मिलिलिटरची बरणी हवी, हे कागदावर लिहिले गेले.

यानंतरचा प्रश्न तोंडाचा होता, आणि याच्यावर मी सगळ्यात जास्त दिवस घालवले. काकवीच्या बरणीला खांदा होता, म्हणजे वर ती आत वळून अरुंद होत होती. खांद्याखाली ओट्स अडकून राहत, चमचा तिथपर्यंत वळत नसे आणि धुताना घासणी आतल्या आत फिरत राही. वाळलेले ओट्स काचेला खळीसारखे चिकटतात. त्यांच्यातला बीटा-ग्लुकन नावाचा तंतू पाण्यात बुळबुळीत होतो आणि सुकला की कडक होतो. त्यामुळे ओट्सच्या बरणीला आत हात गेलाच पाहिजे, असे माझे ठाम मत झाले. पण हात जाईल की नाही हे दुकानात कसे ठरवायचे, कारण प्रत्येक बरणीत हात घालून पाहणे दुकानदाराला आवडत नाही.

याचे उत्तर मला बांगड्या भरताना सापडले. माझ्या हाताला दोन-सहाची बांगडी बसते. दोन-सहा म्हणजे दोन पूर्ण आणि सहा सोळांश इंच, अर्थात आतला व्यास साधारण ६० मिलिमीटर. अडीचची बांगडी म्हणजे साडेत्रेसष्ट मिलिमीटर. कासाराने अंगठा आत दुमडून हात चेपला की माझा हात ६० मिलिमीटरमधून जातो. तेव्हा ज्या बरणीचे तोंड आतून ६० पेक्षा कमी आहे तिच्यात माझा हात जाणार नाही, आणि आत गेल्यावर घासणी धरून फिरवायचा असेल तर निदान सेंटीमीटरभर मोकळीक हवी. ज्या बाईला आपल्या बांगडीचे माप ठाऊक आहे तिला बरणीचे माप ठरवायला दुसरे काही लागत नाही. एक स्टीलची मोजपट्टी पर्समध्ये टाकली आणि मग बाजाराला निघाले.

लक्ष्मीपुरीत बाटल्या-बरण्या विकणारे ठोक दुकान आहे, तिथे लोणची, मसाले आणि मध विकणारे गृहउद्योग माल नेतात, पण सुट्या बरण्याही मिळतात. दुकानदार वयस्कर होते. मी ४०० मिलिलिटरची बरणी मागितल्यावर त्यांनी विचारले, "टोपण कुठलं लावणार?" मी म्हटले, आधी बरणी तर पाहू द्या. त्यावर ते म्हणाले, "ताई, बरणी फुटंस्तवर टिकतीया. टोपण दोन वर्षांत जातंय. टोपण ठरवा, मग त्याच्या मापाच्या बरण्या काढून देतो." मला हे एका क्षणात पटले. चटणीच्या वासापासून पिशवीत झिरपलेल्या दुधापर्यंत माझ्या सगळ्या अडचणी टोपणाच्या होत्या, आणि मी इतके दिवस काचेकडेच पाहत होते.

त्यांनी माझ्यासमोर टोपणे मांडली. पत्र्याच्या टोपणांत ५३, ६३, ७० आणि ८२ मिलिमीटर ही मापे त्यांच्याकडे होती. या टोपणांना आतून वळलेले छोटे दात असतात आणि पाव फेऱ्यात ती लागतात; त्यांना लग कॅप म्हणतात. दुसरी, पूर्ण आट्यांची टोपणे, जी दोन-तीन वेळा फिरवून लावायची असतात. जॉन लँडिस मेसन यांनी अमेरिकेत १८५८ साली आट्यांच्या ज्या बरणीचे पेटंट घेतले, तिच्या वंशातल्या बरण्या आज परदेशी चित्रांतून ओट्सबरोबर हमखास दिसतात. त्यांचे झाकण दोन तुकड्यांचे, म्हणजे वर सपाट चकती आणि भोवती कडे असे असते. ती रचना मुळात फळे उकळून हवाबंद करण्यासाठी केलेली आहे. रोज उघडझाक करायची असेल तर दोन तुकडे सांभाळणे नकोसे होते. एक गोष्ट इथे स्पष्ट करायला हवी: आट्यांचे टोपण आणि दातांचे टोपण एकाच मापाचे असले तरी एकमेकांच्या बरणीला लागत नाही. मोजपट्टीने ७० आले म्हणून घरी आणावे आणि ते नुसते फिरत राहावे, असे होऊ शकते.

तारेच्या खटक्याच्या बरण्याही तिथे होत्या, ज्यांचे काचेचे झाकण रबराच्या कडीवर दाबून बसते. दिसायला त्या सर्वांत सुंदर, आणि खरे सांगायचे तर मुलीने मला त्याच आणायला सांगितल्या होत्या. मी दोन घेतल्याही. महिनाभर वापरल्यावर मत असे झाले की, डाळी, साखर किंवा लोणचे यांसाठी त्या चांगल्या, रोजच्या ओट्ससाठी नाहीत. रबराची कडी प्रत्येक वेळी काढून धुवावी लागते. तीन-चार दिवस न काढता नुसती वरून धुतली तर खाचेत दुधाचा अंश राहतो आणि काळे ठिपके धरतात, आणि तारेच्या बिजागरीपाशी पाणी साचून गंज येतो. सकाळी सहा वाजता कडी काढून धुण्याइतका वेळ आमच्या घरात कोणाकडे नाही. त्या दोन बरण्यांत आता बेदाणे आणि काजू आहेत.

मोजपट्टी लावल्यावर असे दिसले की, ६३ च्या टोपणाच्या बरणीचे तोंड आतून ५४ मिलिमीटर होते, ७० च्या बरणीचे जेमतेम ६० आणि ८२ च्या बरणीचे ७२. माझ्या बांगडीच्या हिशेबाने निवड तिथेच संपली. ८२ मिलिमीटरच्या टोपणाच्या सरळ भिंतीच्या बरण्या ४०० आणि ३०० मिलिलिटर अशा दोन्ही मापांत त्यांच्याकडे निघाल्या, त्यामुळे दोन्ही आकारांना एकच टोपण लागणार होते. घरात सहा बरण्या असोत की बारा, पहाटेच्या घाईत कोणतेही टोपण कोणत्याही बरणीला लागले पाहिजे. याची किंमत मला सहा वेगवेगळ्या झाकणांच्या डब्यांनी वर्षानुवर्षे शिकवलेली होती. घेताना प्रत्येक बरणी उजेडात धरून पाहिली. तोंडाच्या काठावर बोट फिरवून टवका किंवा चढउतार आहे का ते तपासले, कारण टोपणाचा मऊ थर याच काठावर बसतो आणि काठ सपाट नसेल तर टोपण कितीही आवळले तरी उपयोग नाही. भिंतीत एखादा बुडबुडा असला तर चालतो, काठावर खोट चालत नाही. आठ बरण्या घेतल्या आणि दोन अशा खोटीमुळे परत ठेवल्या, त्या दुकानदारांनी काहीही न बोलता बदलून दिल्या.

घरी आल्यावर लगेच ओट्स घातले नाहीत. बिनदुधाचा चहा करून पूर्ण गार केला, आठही बरण्यांत भरला, टोपणे लावली आणि परातीत जुन्या वर्तमानपत्रावर आडव्या ठेवून रात्रभर तशाच राहू दिल्या. चहा यासाठी की कागदावर त्याचा डाग दिसतो, आणि पातळ असल्यामुळे जिथून दूध गळेल तिथून तो आधी गळतो. सकाळी आठांपैकी दोन बरण्यांखाली डाग होते. टोपणे बदलून पुन्हा ठेवल्यावर एक गळायची थांबली. दुसरीचा काठच एका बाजूला किंचित खाली होता, तो दुकानात माझ्या बोटाला कळला नव्हता. ती बरणी आता फ्रिजमध्ये उभीच राहते आणि पिशवीत जात नाही. तिच्या बुडाला खुणेसाठी लाल नेलपॉलिशचा ठिपका लावला आहे. ही परीक्षा पतींच्या पिशवीसाठी फार गरजेची होती. ते दुचाकीवरून महामार्गाने जातात आणि पिशवी हँडलला अडकवलेली असते. गेले काही महिने त्यांच्या पिशवीत एक थेंबही सांडलेला नाही.

फ्रिजमध्ये बरण्या दाराच्या कप्प्यात न ठेवता आतल्या मधल्या फळीवर मागच्या बाजूला ठेवते. दार उघडले की तिथली हवा आधी गरम होते, शिवाय प्रत्येक उघडझाकीला काच काचेवर आदळते. आतमध्ये ४-५ अंश तापमान राहिले तर भिजवलेले ओट्स तीन दिवस चांगले राहतात, पण मी एका वेळी दोन दिवसांचेच भरते. टोपणावर कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावून वार लिहिते. फ्रिजमधून काढल्यावर दोन तासांच्या आत खाऊन संपवायचे, हा नियम सर्वांसाठी आहे. पतींची पहिली सुटी साडेआठला असते, तेवढ्या वेळात ते बसते. एप्रिल-मेमध्ये त्यांची बरणी मी औषधे गार ठेवायच्या अस्तराच्या पिशवीत घालून देणार आहे. बरणी गोठवण्याच्या कप्प्यात ठेवण्याचा प्रयोग मी केला नाही आणि कोणी करू नये असे सांगेन, कारण दूध गोठताना फुगते आणि त्याला वर जायला वाट मिळाली नाही तर भिंतच फुटते.

धुण्याविषयी थोडेसे. खाऊन झाल्याबरोबर बरणीत पाणी घालून ठेवायचे, एवढे केले तर घासायला काहीच श्रम पडत नाहीत. आठवड्यातून एकदा मी बरण्या उकळते: मोठ्या पातेल्यात तळाशी जुना पंचा अंथरून, बरण्या ठेवून, गार पाणी घालून मगच गॅस पेटवते आणि त्या त्याच पाण्यात निवू देते. टोपणे उकळत नाही, कारण आतला मऊ थर वारंवारच्या उकळीने कडक होतो. ती कोमट पाण्याने धुऊन, पुसून, उलटी करून वाळवते. दह्याच्या आंबटपणाने पत्र्याला गंज धरतो तो बहुधा चमचा लागून आतला लाखेसारखा लेप खरवडला गेला आहे तिथेच. म्हणून टोपणाला चिकटलेले ओट्स चमच्याने खरवडू नका, असे मी मुलीला सांगून ठेवले आहे.

दिवाळीनंतर पुन्हा लक्ष्मीपुरीला गेले ते नुसत्या टोपणांसाठी. ८२ मिलिमीटरची बारा टोपणे घेतली. दुकानदारांनी ओळखले आणि विचारले, "बरणी फुटली न्हाई न्हवं?" नाही म्हटल्यावर त्यांनी आणखी एक टोपण हिशेबाबाहेर वर ठेवले. ती तेरा टोपणे कागदात गुंडाळून डाळीच्या कपाटात ठेवली. ज्या टोपणाच्या मऊ थरावर काठाची खूण खोल उमटून चीर दिसू लागते, ते काढून टाकायचे आणि त्यातले एक नवे घ्यायचे. आतापर्यंत दोन लागली आहेत.